वाक्य पुरं होईपर्यंत

किनाऱ्यावरच्या लेमवी गावातल्या लाँड्रीत क्रेस्टनला सगळ्यात जास्त काय आवडायचं, तर तिथला आवाज. नवा माणूस आत आला की आधी कानांवर हात ठेवायचा. धुण्याची यंत्रं घरघरत असायची, वाळवणीचे पिंप धडधडत असायचे आणि मधोमध इस्त्रीचा लांबलचक रोलर वाफ सोडत फिरत असायचा. त्या गदारोळात कुणी कुणाशी बोलूच शकत नसे. आणि जिथे कुणालाच बोलता येत नाही, तिथे क्रेस्टन चारचौघांसारखा होता.

क्रेस्टनची जीभ अडायची. लहानपणापासूनच. काही अक्षरं अशी होती की ती आली की घोडं पेंड खायचं, आणि आईबापांनी नाव ठेवलं तेही नेमकं त्यातल्याच एका अक्षरावरून. स्वतःचं नाव सांगायची वेळ आली की समोरच्याची मान किंचित पुढे यायची, कपाळावर काळजी उमटायची, ओठ हलायला लागायचे. क्रेस्टनला हा चेहरा सगळ्यात नकोसा वाटायचा. हसणारे परवडले, त्यांच्यावर निदान रागावता तरी येतं. मदत करणाऱ्यांवर कसं रागवायचं?

रोलरवर दोन माणसं लागतात. चादरीचा एक कोपरा इकडच्याने धरायचा, दुसरा तिकडच्याने, ताणून सरळ करायची आणि दोघांनी एकदम रोलरच्या तोंडी द्यायची. एकाने घाई केली की चादर तिरकी जाते, मधे चुणी पडते आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. 'थांब' म्हणून ओरडलं तरी ऐकू जात नाही, म्हणून मोकळा तळहात उंच करायचा. त्याचा अर्थ, माझा कोपरा अजून बसला नाही. मग समोरच्याने आपला कोपरा धरून गप उभं राहायचं, कितीही वेळ लागो. कोपरा बसला की मान हलवायची आणि चादर सोडायची. ही खूण कुणी कधी शिकवली ते कुणालाच आठवत नाही.

क्रेस्टनच्या समोर आस्ता असायची. रुंद हाडाची, फटकळ, कामगारांनी निवडून दिलेली प्रतिनिधी. जेवणाच्या सुट्टीत ती काळ्या पावावर लिव्हरचं खारट वाटण थापून बसायची आणि म्हणायची, "बोल क्रेस्टन. पण तुझं सगळं ऐकायचं तर मला रात्रीचा डबाही आणायला हवा हं!" सगळे हसायचे. क्रेस्टनही हसायचा. कारण टोमणा मारून झाल्यावर आस्ता खरोखरच पाव चावत बसून राहायची आणि त्याचं बोलणं संपेपर्यंत दुसरीकडे बघायचीसुद्धा नाही.

तेव्हा लाँड्रीचा मुख्य होता ओवे. ओवे काचेच्या केबिनमध्ये बसायचा आणि बाहेर आला म्हणजे कुणाच्या तरी डोक्यावर खापर फुटणार हे ठरलेलं. तो निवृत्त झाला तेव्हा लोकांनी प्रथेप्रमाणे झेंडा लावला, केक कापला, आणि दुसऱ्या दिवशी ओवे नाही म्हणून जास्त आनंदाने केक खाल्ला.

त्याच्या जागी रिग्मोर आली.

रिग्मोर आधी वृद्धाश्रमात होती. आल्या आल्या तिने पहिलं काम काय केलं, तर केबिनला कुलूप लावलं आणि एप्रन चढवला. प्रत्येक जागी उभी राहून प्रत्येक काम शिकली. रोलरवर तिने इतक्या चादरी तिरक्या घातल्या की आस्ता म्हणाली, "तू मॅनेजरच हो बाई, ह्यात तुझं पोट भरायचं नाही." रिग्मोर खो खो हसली. बुटक्या बायकांसाठी तिने पायाखाली लाकडी चौथरे करून घेतले. आस्ताचा नवरा गेला त्या सकाळी तिने स्वतः गाडी काढून तिला घरी सोडलं आणि संध्याकाळपर्यंत तिच्या स्वयंपाकघरात बसून राहिली. क्रेस्टनची आई इस्पितळात होती तेव्हा त्याने न मागता तिने त्याची पाळी बदलून दिली, तेही असं की जणू तिलाच ते सोयीचं होतं. अशा बाईवर कुणाचा जीव जडणार नाही?

आणि तिने शुक्रवार सुरू केला. शुक्रवारी सकाळी यंत्रं अर्धा तास बंद. पाळीपाळीने एकाने ताजे गोल पाव आणायचे, लोणी, चीज, कॉफी, आणि टेबलाभोवती एक फेरी. प्रत्येकाने आपल्या मनातलं बोलायचं. काय खुपतंय, काय हवंय, काय बरं झालं. "इथे कुणाचंही ऐकायचं राहून जाता कामा नये," रिग्मोर म्हणाली. ते ती मनापासून म्हणाली होती, आणि तसंच झालंही. त्या फेरीतून कितीतरी गोष्टी सुधारल्या.

रिग्मोरमध्ये खोट अशी एकच होती. कुणी अडलेलं तिला बघवत नसे. वृद्धाश्रमात तिचे हात सतत कुणाला तरी उठवायला, बसवायला, घास भरवायला पुढे झालेले. ती सवय तिच्या जिभेलाही लागली होती. कुणी शब्द शोधू लागलं की ती धावून जाऊन तो शब्द हातात ठेवायची.

पहिल्याच फेरीत क्रेस्टनची पाळी आली. त्याने आठवडाभर तयारी केली होती. सांगायचं होतं ते इतकंच, की रोलरवर मी मजेत आहे, फक्त मागच्या दाराच्या फटीतून वारा येतो आणि थंडीत मान आखडते, तेवढी फट बुजवा. लेमवीला वारा फ्योर्डवरून, म्हणजे समुद्राच्या खाडीवरून येतो आणि तो काही विचारून येत नाही. तर क्रेस्टन उठला आणि म्हणाला, "म... मला त्या माग... मागच्या दारा... दाराच्या..."

रिग्मोरची मान पुढे आली. ओठ हलू लागले.

"दाराच्या बाहेर? बाहेर जायचंय! मोकळ्या हवेत!" तिचा चेहरा उजळला. "अरे, मग ट्रकवर ये ना! एक माणूस हवाच आहे माल पोचवायला. इतकी वर्षं त्या वाफेत उकडून निघालास, आणि आम्हाला कुणाला सुचलंसुद्धा नाही!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ओवेच्या काळात कुणाला अशी बदली मिळाली नसती. क्रेस्टन तोंड उघडून उभा होता. त्याला 'नाही' म्हणायचं होतं. पण नुसत्या 'नाही'ने भागणार नव्हतं, त्यापुढे सगळं समजावून सांगावं लागणार होतं, एवढ्या आनंदलेल्या माणसांना. आणि जिने आपल्या आईच्या दुखण्यात पाळी बदलून दिली, तिला सगळ्यांसमोर 'तू चुकलीस' म्हणायचं? क्रेस्टनने मान हलवली आणि तो खाली बसला. आस्ताने भुवया उंचावल्या. तिला वाटलं, गड्याला खरंच कंटाळा आला असेल माझ्या तोंडाचा.

सोमवारपासून क्रेस्टन ट्रकवर. ट्रक म्हणजे इस्पितळं, वृद्धाश्रम, किनाऱ्यावरची हॉटेलं. आणि प्रत्येक दारात एक काउंटर, प्रत्येक काउंटरमागे एक भला माणूस, आणि तो भला माणूस विचारणार, "कुठून आलात? नाव काय?" ज्या माणसाने आयुष्यभर बोलणं टाळायला आवाजाची जागा शोधली, त्याला आता दिवसभर शांत, चकचकीत, गालिचे घातलेल्या खोल्यांत उभं राहून स्वतःचं नाव सांगावं लागत होतं. त्याच्या नाकी नऊ आले. संध्याकाळी घरी गेल्यावर तो आईशीसुद्धा बोलेनासा झाला.

शुक्रवारी रिग्मोर प्रेमाने विचारायची, "कसं वाटतंय बाहेर?"

"ब... ब..."

"बरं वाटतंय! अरे, चेहऱ्यावरच दिसतंय. रंग बघा कसा आलाय!"

तो रंग वाऱ्याने फाटलेल्या गालांचा होता. पण तोवर फेरी पुढच्या माणसाकडे सरकलेली असायची.

असं होता होता वर्ष गेलं, दुसरंही जात आलं. एका शुक्रवारी क्रेस्टनने सकाळी फोनवरून संदेश पाठवला की अंगात ताप आहे. ताप नव्हता. पण ती सकाळ इतकी छान गेली की पुढच्या महिन्यात त्याला पुन्हा ताप आला. मग तापाने शुक्रवारच धरला. पाव आणायची त्याची पाळी असली की मग तर हमखास. लोक कुजबुजू लागले. कुणी म्हणालं चिकट आहे, पाव आणायला नको म्हणून घरी बसतो. कुणी म्हणालं बाटली. क्रेस्टनच्या कानावर दोन्ही आलं आणि तो मूग गिळून बसला.

मग ऑर्हूसच्या मुख्य ऑफिसातून टॉर्बन आला. टॉर्बन वाईट माणूस नव्हता, पण त्याला हजेरीच्या आकड्यांत माणसं दिसायची आणि माणसांत आकडे. क्रेस्टनला खोलीत बोलावलं. एका बाजूला टॉर्बन आणि रिग्मोर, दुसऱ्या बाजूला क्रेस्टन आणि त्याच्यातर्फे आस्ता. मधे कॉफीची किटली.

"गुरुवारी ठणठणीत, शुक्रवारी आजारी, सोमवारी परत ठणठणीत," टॉर्बन म्हणाला. "कशामुळे होतं हे, आपल्याला सगळ्यांनाच माहीत आहे."

"दारू पिणारा सोमवारी आजारी पडतो, शुक्रवारी नाही," आस्ता म्हणाली. "ऑर्हूसला एवढंही शिकवत नाहीत?"

टॉर्बन लाल झाला, पण मागे हटला नाही. म्हणाला, समाधानकारक कारण मिळालं नाही तर महिनाअखेरीस क्रेस्टनला निरोप द्यावा लागेल. क्रेस्टनच्या तोंडचं पाणी पळालं. लेमवीत अशा माणसाला दुसरीकडे कोण ठेवणार? मुलाखतीत पहिला प्रश्न नावाचाच असतो.

"क्रेस्टन, तुझ्याकडून ऐकू दे," टॉर्बन म्हणाला.

"म... मला..."

आणि रिग्मोर धावली. तिला राहवलंच नाही. तिचा आवाज भरून आला होता. "त्याची पाठ गेलीय, टॉर्बन! ट्रकवर एवढी ओझी उचलायची, आठवडा संपेपर्यंत माणूस मोडून पडतो. भिडस्त आहे, सांगणार नाही. हो ना, क्रेस्टन? पाठच ना?"

टॉर्बनने पेन खाली ठेवलं. "पाठ असेल तर गोष्ट वेगळी. डॉक्टरचं एक पत्र आणलंस तर इथेच विषय संपेल."

म्हणजे नुसती मान हलवायची होती. मान हलवायला जीभ लागत नाही. नोकरी वाचणार होती, रिग्मोर आनंदाने रडणार होती, टॉर्बन जेवायच्या वेळेला ऑर्हूसला पोचणार होता. आणि क्रेस्टन उरलेलं आयुष्य ट्रकवर, काउंटरांपुढे, दुसऱ्यांनी पुरी केलेली वाक्यं आपली म्हणून घेऊन फिरणार होता. समोर रिग्मोरचा चेहरा होता, मायेने ओथंबलेला, ओठ पुढच्या शब्दासाठी तयार. तिच्यावर रागवावं असंही त्याला वाटेना. त्याला फक्त फार थकायला झालं.

त्याचा हात आपोआप वर गेला. तळहात मोकळा, रिग्मोरकडे.

"काय झालं? पाणी हवंय?" टॉर्बनने विचारलं.

पण रिग्मोर बोलता बोलता थांबली होती. त्या हाताकडे बघत होती. पहिल्या महिन्यात रोलरवर, इतक्या चादरी तिरक्या घातल्या तेव्हा, समोरून हाच हात कितीदा उंच झाला होता.

"त्याचा कोपरा अजून बसला नाहीये, रिग्मोर," आस्ता हळूच म्हणाली. "थांब आता."

रिग्मोरने दोन्ही हात मांडीवर घेतले, एकमेकांत अडकवले आणि ओठ मिटले.

मग क्रेस्टन बोलला. ते लवकर झालं नाही. एकेका शब्दापाशी तो उभा राहायचा, मागे यायचा, पुन्हा जायचा. किटलीतली कॉफी निवली. खिडकीबाहेर धक्क्यावर एक बोट लागली, रिकामी झाली. मधेच टॉर्बनने घसा खाकरून तोंड उघडलं, तर रिग्मोरने त्याच्याकडे न बघताच आपला तळहात त्याच्यासमोर धरला. टॉर्बनने तोंड मिटलं.

"मला... ट्रकवर... कधीच जायचं नव्हतं," क्रेस्टनने सांगितलं. "मला... माग... मागच्या दाराची फट... बुजवून हवी होती. वारा येतो. म... मान आखडते. बाकी मी... रोलरवर... मजेत होतो. आणि शुक्रवारी... तुम्ही सगळे... माझं बोलणं... पुरं करता... म्हणून मी... येत नाही."



"फट?" रिग्मोर शेवटी म्हणाली. "दोन वर्षं... एका फटीसाठी?"

"हो."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"सांगत होता की!" आस्ता म्हणाली. "तूच पुरं करत होतीस." आणि तिला हसू फुटलं. आधी नाकातून, मग पोटातून, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. क्रेस्टनही हसू लागला. रिग्मोर हसता हसता रडायला लागली आणि कागदी रुमालात नाक शिंकरत म्हणाली, "क्रेस्टन, मला वाटायचं ह्या इमारतीत ऐकण्यात माझा हात कुणी धरणार नाही. आणि मी तर फक्त स्वतःचंच ऐकत होते." ती हे टॉर्बनसमोर म्हणाली. वरच्या ऑफिसच्या माणसासमोर स्वतःची चूक अशी उघडी करायला काय लागतं, ते ज्याने नोकरी केली आहे त्याला कळेल. क्रेस्टनला ते तिथल्या तिथे कळलं, आणि ते तो कधी विसरला नाही.

टॉर्बन जेवायला उशिराच पोचला. पण त्याने विषय संपवला आणि जाताना क्रेस्टनचा हात जरा जास्तच वेळ हातात धरून ठेवला.

सोमवारी क्रेस्टन रोलरवर आला तर मागच्या दारापाशी रिग्मोर गुडघ्यांवर बसलेली, तोंडात खिळे, हातात हातोडी आणि रबराची पट्टी. मिस्त्री बोलवता आला असता, पण तिने ऐकलं नाही. पट्टी वाकडी बसली ती अजून वाकडीच आहे. वारा मात्र येत नाही.

शुक्रवारचे पाव चालू राहिले, फेरी बंद झाली. ज्याला बोलायचंय त्याने बोलावं, नसेल तर चीज खावं. त्याऐवजी रिग्मोर आठवड्यातून एकदा एप्रन चढवून रोलरवर येऊ लागली, कधी ह्याच्या समोर, कधी तिच्या समोर. तासभर नुसत्या चादरी. कुणाला काही सांगायचं असलं तर तो सुट्टीची घंटा झाल्यावर आपणहून तिच्याजवळ रेंगाळायचा. आणि तळहाताची खूण रोलरवरून टेबलावर आली. कुणी कुणाचं वाक्य ओढून घेतलं की हात वर. आस्ताने तर सांगितलं की तिच्या घरी नातवंडंसुद्धा तिच्यापुढे हात वर करायला लागली आहेत, आणि हे सगळं रिग्मोरचं पाप आहे.

रिग्मोर निवृत्त झाली त्या दिवशी दारात झेंडा लावला, लांब टेबलं मांडली, आणि आमच्याकडच्या रीतीप्रमाणे तिच्यावर गाणं रचलं. जुन्या चालीवर, नवे शब्द, तिच्या सगळ्या खोड्या त्यात गुंफलेल्या, वाकड्या पट्टीचं एक अख्खं कडवं. गाताना क्रेस्टनची जीभ अडत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणून सगळ्यांनी आधीच त्याला सांगून ठेवलं होतं, "तू गाण्यात पुढे उभा राहा, भाषणाचं आम्ही बघतो."

गाणं झालं. क्रेस्टन जागेवर बसला नाही. त्याने चमचा घेतला आणि पेल्यावर टिंग टिंग वाजवलं.

दालनात शांतता पसरली. ज्या शांततेपासून तो आयुष्यभर पळत आला तीच शांतता, आणि या खेपेला ती त्याने स्वतः मागून घेतली होती.

"रिग्मोर," तो म्हणाला. ते सरळ आलं. "तू माझ्यासाठी... पट्टी मारलीस." हशा पिकला. "पण त्याआधी... तू... थ... थांबलीस. माझ्यासाठी... असं... कुणी मोठ्या खुर्चीतलं... थांबलं नव्हतं. मी... तुझा... आभारी आहे. रोज सकाळी... कामाला येताना... असतो."

टेबलाच्या टोकाला रिग्मोरच्या जागी आलेला नवा मॅनेजर बसला होता. क्रेस्टन पुढच्या शब्दाशी झगडताना बघून त्याची मान पुढे आली, ओठ हलले. लगेच दालनभर तळहात वर झाले. पन्नास-साठ हात, धुण्याने सुरकुतलेले, वाफेने लाल झालेले. नवा मॅनेजर दचकून मागे टेकला.

"आणि... तू..." क्रेस्टन म्हणाला, "तू तशी... व... व..."

आमच्या या किनाऱ्यावर कुणाची स्तुती करायची झाली तर दोनच शब्द आहेत. 'वाईट नाही.' त्याच्यावर काही नाही. लग्नात म्हणतात, तसंच माणूस गेल्यावर त्याच्या थडग्यापाशी म्हणतात. क्रेस्टन त्या शब्दाच्या उंबऱ्यावर उभा होता. दालनात प्रत्येकाला तो शब्द माहीत होता. रिग्मोरला तर सगळ्यात जास्त. तिचे डोळे भरले होते, हात मांडीवर एकमेकांत घट्ट अडकलेले होते, आणि तो शब्द तिच्या जिभेच्या टोकावर होता. तिने तो तिथेच ठेवला.

वेळ गेला. कुणी हललं नाही.

"...वाईट नव्हतीस," क्रेस्टन म्हणाला.

रिग्मोरने त्याच्याकडे बघून मान हलवली, रोलरवर चादर सोडताना हलवायची तशी.